प्रत्येक मूल कानसेन असते
(मारुंजी, ता. मुळशी येथील केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



भाषा आणि गणित यांच्या अध्ययनस्तरांची चर्चा आताच आटोपली. तिच्यानंतर संगीतासारख्या विषयावर बोलावयास उभे राहणे म्हणजे जेवण झाल्यावर पुन्हा पान वाढण्यासारखे आहे, हे मी जाणतो. आपल्या वेळापत्रकात गाण्याला जागा मिळते ती आठवड्याच्या शेवटच्या तासिकेत. आणि तपासणी, पाऊस किंवा स्नेहसंमेलन जवळ आले की ती जागा सोडून पहिल्याने उठावे लागते तेही गाण्यालाच. तथापि मी आज गाणे कसे शिकवावे हे सांगणार नाही. मूल चाल कशी ऐकते आणि ऐकलेली चाल पुन्हा कशी ओळखते, एवढाच माझा विषय आहे. या प्रश्नाचे उत्तर नीट ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ वर्गांतून काही मुलांवर नकळत अन्याय होतो, असे मला वाटते. म्हणून हा विषय आपणांपुढे मांडण्याचे धाडस करीत आहे.

प्रथम रोजच्या अनुभवाकडे पाहू. परिपाठाच्या वेळी गुरुजी पेटीवर राष्ट्रगीताची चाल काळी एकमध्ये वाजवितात. दुसऱ्या दिवशी बाई तीच चाल काळी चारमध्ये वाजवितात. शब्द एकही उच्चारलेला नसतो. पेटीच्या पट्ट्या पुष्कळशा बदललेल्या असतात आणि प्रत्येक स्वर कालच्यापेक्षा उंच झालेला असतो. असे असताही पहिलीतले मूल दोन्ही दिवशी तत्क्षणी ताठ उभे राहते. मग त्याने ओळखले ते काय? कालचे स्वर म्हणावे, तर ते आज नाहीत. शब्द म्हणावेत, तर ते दोन्ही दिवशी नव्हते.

थोडा हिशेब करून पाहिला म्हणजे यातील मर्म ध्यानात येईल. षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरला, तर शुद्ध गंधार ३०० कंपनांचा, पंचम ३६० कंपनांचा आणि तार षड्ज ४८० कंपनांचा होतो. आता दुसऱ्या गायकाने २०० कंपनांचा षड्ज धरला. त्याचा गंधार २५० वर आणि पंचम ३०० वर येईल. म्हणजे ३०० कंपनांचा तोच ध्वनी एका गायकाकडे गंधार आहे, तर दुसऱ्याकडे पंचम आहे. आपल्या घरांतूनही असेच असते. एकच गृहस्थ एका घरी मामा असतात आणि दुसऱ्या घरी काका असतात. माणूस बदलत नाही, नाते बदलते. स्वरांची नावे ही अशीच नात्याची नावे आहेत. ऐकणाऱ्याचा कान कंपने मोजीत बसत नाही. तो स्वरास्वरांतील नाते टिपतो, आणि सर्व नाती जशीच्या तशी राहिली की चाल तीच आहे असा निर्वाळा देतो. गवई गाताना मागे तंबोरा सतत झंकारत असतो, त्याचे कारणही हेच. गवंड्याला भिंत पारखताना ओळंबा लागतो, तसा गाणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला षड्ज लागतो.

या गोष्टीकडे मानसशास्त्रज्ञांचे लक्ष प्रकर्षाने वेधले ते १८९० साली. क्रिश्चियन फॉन एरेनफेल्स या ऑस्ट्रियन तत्त्वज्ञाने त्या वर्षी एक निबंध प्रसिद्ध करून असा प्रश्न विचारला की, चाल ही सुट्या स्वरांची केवळ बेरीज असेल, तर सर्व स्वर बदलूनही ती तीच कशी राहते? समजा, बारा स्वरांची एक चाल आहे. बारा मुले बारा निरनिराळ्या खोल्यांत बसवून प्रत्येकाला एकेकच स्वर ऐकविला, तर बाराही स्वर कोणी ना कोणी ऐकलेले असतील. परंतु चाल मात्र कोणीच ऐकलेली नसेल. चाल ही एक आकृती आहे. पुढे मानसशास्त्रात आकृतिवादाचा जो पंथ उदयास आला, त्याच्या मुळाशी हा साधा विचार होता. शिक्षकाला तो परिचित वाटावा. अक्षरे सुटी सुटी वाचता येणारे, पण शब्दाची आकृती हाती न लागलेले मूल आपण सर्वांनी पाहिले आहे.

ही आकृती ओळखण्याची शक्ती शाळा देत नाही. मूल ती आपल्याबरोबर घेऊनच येते. १९७७ साली कॅनडात सँड्रा ट्रेहब व त्यांच्या सहकारी यांनी सुमारे पाच महिन्यांच्या बालकांना एक लहानशी सुरावट वारंवार ऐकविली. तीच सुरावट वरच्या वा खालच्या पट्टीत ऐकविली, तेव्हा बालकांना ती नवी वाटली नाही. परंतु तेच स्वर क्रम उलटासुलटा करून ऐकविताच त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांत फरक पडला. म्हणजे हे काही निराळे आहे, हे त्यांना उमगले. आपल्याकडे पाळण्याशी बसून गाणाऱ्या आजीला याचे नवल वाटणार नाही. आजीचा आवाज आणि आईचा आवाज एका पट्टीत नसतो, तरी अंगाई तीच आहे हे तान्ह्याला कळते, हा तिचा नेहमीचा अनुभव आहे.

चाल ओळखताना कान सर्वांत आधी पकडतो तो चढउतार. सूर वर गेला की खाली आला, थांबला की पुन्हा चढला, ही डोंगराच्या कडेसारखी रेषा प्रथम मनात उमटते. नेमका किती चढला हे पुढे कळते. १९७२ साली डायाना डॉइच या संशोधिकेने एक प्रयोग केला. तिने सर्वांच्या परिचयाची एक चाल घेतली, स्वरांची नावे व क्रम कायम ठेवले, पण एक स्वर मंद्र सप्तकात, पुढचा तार सप्तकात, त्यापुढचा मध्य सप्तकात असे ते विखरून टाकले. नावाने स्वर तेच होते. चढउतार मात्र पार मोडून गेला होता. श्रोत्यांना ती चाल ओळखता आली नाही. गाण्याचे नाव आधी सांगितल्यावर मात्र त्यांना तिचा माग लागू शकला. यावरून दोन गोष्टी दिसतात. एक तर चढउतार हा ओळखीचा पहिला धागा आहे. दुसरे असे की, ऐकणारा रिकाम्या मनाने ऐकत नाही. पुढचा सूर कोणता येणार याची अटकळ बांधीत बांधीत तो ऐकतो, आणि अटकळ खरी ठरत गेली की ओळख पक्की होते.

लयीचेही तसेच. परिचित गाण्याचे स्वर तसेच ठेवून त्यांची दीर्घता आणि आघात बदलले, तर ते गाणे परके वाटू लागते. उलट सूर मुळीच न काढता केवळ टाळ्यांनी एखाद्या ओळखीच्या गाण्याची लय वाजविली, तर पुष्कळ मुले गाण्याचे नाव सांगतात. आपण हे वर्गात अवश्य करून पाहावे.

शब्द तर कित्येकदा मागाहूनच येतात. येथून देहू काही फार लांब नाही. आषाढात दिंडी रस्त्याने जाते, तेव्हा दूर असताना शब्द कानी पडत नाहीत. व्यंजनांचे बारीक ध्वनी वाटेतच विरून जातात. सूर आणि टाळांचा ठेका मात्र पोचतो आणि अभंग कोणता चालला आहे हे घरात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला कळते. कार्तिकात पहाटे काकडा सुरू झाला की अंथरुणातले मूलही तो असाच ओळखते.

येथे एक शंका येईल. स्वर तेच असतील, तर चाल नेहमी तीच राहते काय? नाही. भूप आणि देशकार या दोन रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच शुद्ध स्वर आहेत. तरी भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात आणि त्यात गंधाराला मान असतो. देशकार सकाळी गातात आणि त्यात धैवताला मान असतो. कोणत्या स्वरावर थांबावे, कोणत्या स्वराला नुसते स्पर्शून जावे, एवढ्यावरून जाणकार श्रोता दोन्ही राग वेगळे ओळखतो. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी रागांची दहा थाटांत मांडणी केली, तीत भूप कल्याण थाटात व देशकार बिलावल थाटात बसविला आहे. ज्यांना रागांचा परिचय नाही अशा शिक्षकांनी यामुळे बिचकून जाऊ नये. गावात एकाच आडनावाची चार घरे असली, तरी प्रत्येक घराची रीत आपण ओळखतोच. ती ओळख सहवासाने येते. रागाचीही तशीच येते.

चाल ओळखण्याची ही शक्ती आपल्या महाराष्ट्राने फार पूर्वीपासून शिक्षणाच्या कामी लावलेली आहे. समर्थांचे मनाचे श्लोक २०५ आहेत आणि ते सर्व भुजंगप्रयात वृत्तात आहेत. एका श्लोकाची चाल कानात बसली की उरलेल्या २०४ श्लोकांचे दार उघडते. कीर्तनकाराने साकी, दिंडी, आर्या, ओवी यांपैकी काही सुरू केले की पहिल्या चरणातच श्रोते चाल ओळखतात व मन पुढे अर्थाकडे लावतात. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ आणि १८८२ साली ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणले, तेव्हा पुष्कळ पदे लोकांच्या परिचयाच्या चालींवर बांधली होती. नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून जुन्या गाण्याचा निर्देश करीत. वाचणाऱ्याला स्वरलिपी येत नसली, तरी तेवढ्या निर्देशावरून तो नवे पद गाऊ शके. सबंध समाजाच्या स्मरणात चालींचा साठा आहे, या विश्वासावर ही पद्धत उभी होती.

याहून जवळचे उदाहरण आपल्याच मुळशी तालुक्यातील आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी पुण्याहून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे जे मोठे कार्य केले, त्यात मुळशीच्या डोंगराळ गावांतील स्त्रियांचा वाटा फार मोठा आहे. त्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या असून १९९० नंतरच्या दशकात त्यांपैकी कित्येकांचे ध्वनिमुद्रणही झाले. ओवी कशा चालीवर म्हणावयाची त्या चालीला या स्त्रिया ‘गळा’ म्हणतात. ओवीचे शब्द अमाप आहेत. माहेर, भाऊ, लेक, पंढरी, बाबासाहेब असे नाना विषय त्यांत येतात. गळा मात्र थोड्यांतला थोडा असतो. एकीने गळा धरला की दुसरी तो ओळखते आणि आपली ओवी त्यात बसविते. शब्द कमी पडले तर ‘बाई’, ‘गं’ असा भर घालते. यांपैकी अनेकींनी शाळेचा उंबरठा ओलांडलेला नव्हता. विजेची चक्की आल्यावर जाती कोपऱ्यात गेली, परंतु गळा स्मरणात राहिला, आणि त्याच्या आधाराने ओव्याही राहिल्या. चाल ही स्मरणाची केवढी बळकट खुंटी आहे, याचे याहून चांगले प्रमाण मला ठाऊक नाही.

आता मी आपल्या वर्गांकडे वळतो. शेजारच्या हिंजवडीत माहिती तंत्रज्ञानाचे उद्यान उभे राहिले आणि त्याबरोबर मारुंजीचा शिवारही पालटला. जेथे पेरणी होत होती तेथे इमारती उठल्या. त्या उठविणाऱ्या हातांची मुले आपल्या शाळांत येतात. कोणी मराठवाड्यातून, कोणी विदर्भातून, तर कोणी उत्तर प्रदेश, बिहार किंवा कर्नाटकातून आलेले असते. अशा मुलाला पहिल्या दिवशी मराठी कविता कळत नाही, पाढे आपल्या भाषेत म्हणता येत नाहीत, हजेरीतले स्वतःचे नावही निराळ्या उच्चाराने ऐकू येते. अशा वेळी त्याला वर्गात शिरण्यास वाट कोणती? मला वाटते, चालीची.

यास आधार आहे. १९८४ साली मेरी कॅस्टेलॅनो, जमशेद भरुचा आणि कॅरोल क्रमहान्सल यांनी उत्तर हिंदुस्थानी रागांवरील एक अभ्यास प्रसिद्ध केला. भारतीय श्रोते आणि या संगीताशी परिचय नसलेले पाश्चात्त्य श्रोते, अशा दोन्ही गटांना त्यांनी राग ऐकविले आणि मागून दिलेला स्वर त्यात कितपत बसतो, असे विचारले. कोणते स्वर वारंवार येतात आणि कोणत्यांवर अधिक काळ ठरतात, हे परक्या श्रोत्यांनाही ऐकता ऐकता उमगले. परंतु थाटाची जी खोल जाण असते, ती भारतीय श्रोत्यांच्याच उत्तरांत दिसली. तात्पर्य, ओळखीचा अर्धा भाग कोणत्याही माणसाच्या कानात उपजत असतो. उरलेला अर्धा सहवासाने मिळतो. परप्रांतीय मुलाकडे पहिला अर्धा भाग आहेच. दुसरा देणे हे आपले काम आहे.

आणि येथेच मी ज्या अन्यायाचा उल्लेख प्रारंभी केला तो होतो. १९ फेब्रुवारी २०२३ पासून ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे आपले राज्यगीत झाले आणि राष्ट्रगीताबरोबर ते शाळांतून म्हटले जाते. पाहुणे येणार असले, गीत नीट व्हावे अशी इच्छा असली, म्हणजे ज्या मुलाचा सूर हलतो त्याला ‘तू नुसते ओठ हलव’ असे सांगण्याचा मोह होतो. एका शाळेत तिसरीच्या मुलीला असे सांगितल्याचे मला दिसून आले. मी तिला बाजूला बसवून पाच गाण्यांच्या चाली शब्दांवाचून गुणगुणून दाखविल्या. पाचही तिने ओळखल्या. एका चालीत मी मुद्दाम एक सूर चुकविला, तोही तिने हेरला. त्या मुलीचा कान उत्तम होता. तरीही ‘मला गाणे येत नाही’ हे वाक्य तिला तोंडपाठ झालेले होते. पुढे कविता मोठ्याने वाचावयाची वेळ आली तेव्हाही ती खाली मान घालून उभी राहिली.

असे का होते, याचा उलगडा शास्त्राने केलेला आहे. २००७ साली पीटर फोर्डरेशर आणि स्टीव्हन ब्राउन यांनी बेसूर गाणाऱ्या प्रौढांची परीक्षा घेतली, तेव्हा सुरांतील भेद ओळखण्यात ते इतरांहून कमी नाहीत असे आढळले. उणीव असते ती कानाने टिपलेला सूर गळ्यातून उतरविण्यात. आणि ती सरावाने भरून निघण्यासारखी आहे. ज्यांना सुरांतील भेद जन्मतःच कळत नाही अशी माणसे असतात खरी. परंतु इझाबेल पेरेत्झ आणि डॉमिनिक वुव्हान यांनी २०१७ साली केलेल्या गणनेप्रमाणे त्यांचे प्रमाण शेकडा दीडच्या आसपास आहे. म्हणजे शंभर मुलांत एखाददुसरे. मग वर्गातील पाचसहा मुलांना ‘कान नाही’ असे म्हणण्याचा आपणांस काय अधिकार पोचतो? आपल्याकडे म्हणतात की, तानसेन होता आले नाही तरी कानसेन होता येते. मी म्हणतो, जवळजवळ प्रत्येक मूल कानसेन होऊनच शाळेत येते. त्याला गप्प बसवून आपण त्याचे ते धन काढून घेऊ नये.

यासाठी काय करता येईल? पैसा किंवा साहित्य लागणार नाही अशाच सूचना करतो.

परिपाठानंतर पाच मिनिटे ‘चाल ओळखा’ हा खेळ घ्यावा. शिक्षकांनी ओळखीच्या गाण्याची चाल आकाराने म्हणावी व मुलांनी नाव सांगावे. मग तीच चाल खालच्या व वरच्या पट्टीत म्हणून ‘तीच की निराळी?’ असे विचारावे. न गाणाऱ्या मुलालाही येथे उत्तर देता येते, आणि आपणांस काही कळते हा विश्वास त्यास मिळतो.

सूर चढेल तसा हात वर, उतरेल तसा खाली न्यावयास सांगावे. पुढे तीच रेषा पाटीवर काढवावी. डोळा, हात आणि कान एकत्र आले म्हणजे गळा हळूहळू त्यांच्या मागे येतो.

गीताची पट्टी मुलांच्या गळ्याला पाहून ठरवावी. लहान मुलांचा आवाज उंच असतो, पण त्याचा पल्ला आखूड असतो. पुरुष शिक्षकाने आपल्या सोयीच्या खर्जात सुरुवात केली की कित्येक मुलांचा सूर हरवतो आणि दोष मुलांच्या माथी येतो.

निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या मुलांकडून त्यांच्या घरची एकेक चाल घ्यावी. अंगाई, आरती, लग्नातले गाणे, काहीही चालेल. शब्द कळले नाहीत तरी वर्गाने ती ऐकावी आणि आठवड्याने पुन्हा ओळखावी. ज्या मुलाला कालपर्यंत सर्वांकडून शिकावे लागत होते, त्याच्याकडून त्या दिवशी सर्व वर्ग शिकेल. गावातील एखाद्या आजीला बोलावून जात्यावरचा गळा मुलांना ऐकवावा, हेही इष्ट होय.

पाढे आणि कविता चालीवर अवश्य म्हणवून घ्याव्यात. परंतु चाल ही खुंटी आहे, कपडा नव्हे. बाराचा पाढा सुरात म्हणणाऱ्या मुलाला ‘बारा सत्ते किती?’ असे मध्येच विचारावे. उत्तरासाठी त्याला पहिल्यापासून गुणगुणावे लागले, तर चाल पाठ झाली आहे, पाढा व्हावयाचा आहे, असे समजावे.

शेवटची सूचना अधिक काळजीची. एखादे मूल चढउतारही ओळखत नाही, मागून हाक मारली तर वळत नाही, शिक्षकाच्या ओठांकडे एकसारखे पाहते, असे आढळले, तर त्यास मंद किंवा बेसूर न म्हणता त्याचे कान तपासवून घ्यावेत. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात श्रवणदोषाची तपासणी समाविष्ट आहे. पथक शाळेत येईल त्या दिवशी अशा मुलाचे नाव आपण होऊन पुढे ठेवावे व त्याच्या पालकांशी स्वतः बोलावे. ‘चाल ओळखा’ या खेळातून वर्षातून असे एक जरी मूल वेळीच ध्यानात आले, तरी पाच मिनिटांचा तो खर्च सार्थकी लागला असे मी मानीन.

आपल्या केंद्रातील शाळांनी पुढील परिषदेस येताना दोन गोष्टी लिहून आणाव्यात, अशी विनंती आहे. आपल्या वर्गात आजपर्यंत न गाणारी किती मुले होती, आणि त्यांपैकी किती मुलांनी चाली बिनचूक ओळखल्या. हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडले म्हणजे या विषयावर आणखी भाषणाची गरज राहणार नाही.